जर्स्या परत धुवायच्या नाहीत

मी सातवीपर्यंत शिकलो. लिहिताना कुठं शब्द चुकला तर चुकला. लिहायचं कारण एवढंच, की कॉलेजात अजून बोलतात, मामानं, म्हणजे मी, बायकोच्या सुतकात पोरांना स्मशानातल्या जर्स्या घालायला लावल्या आणि मॅच घालवली. बोलणाऱ्यांतले निम्मे त्या दिवशी ग्राउंडवर नव्हते. मी होतो. म्हणून मीच सांगतो.

मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचा असिस्टंट कोच आहे. होतो म्हणत नाही. आहे.

आधी मिलमध्ये होतो. मिलची टीम होती, तिच्यात मी लेफ्ट विंगला खेळायचो. बूट नव्हते. घोट्याला पट्टी गुंडाळायची आणि पळायचं. सोलापूरच्या मुरमाच्या ग्राउंडवर पडलं की गुडघ्याची साल जायची, पण पडायचं कोण थांबतंय. मिल बंद पडली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, पोरगा रांगत होता. कॉलेजला ग्राउंडवर फक्की मारायला माणूस पाहिजे होता. फक्की म्हणजे पांढरी पूड, तिनं मैदानाच्या रेषा ओढतात. मी लागलो. रेषा ओढता ओढता पोरांना दोन शब्द सांगायला लागलो. पोरं ऐकायला लागली. मग चेंडूत हवा भरणं, प्लॅस्टिकचे कोन मांडणं, कोणाचा पाय मुरगळला तर बर्फ लावणं, सगळं माझ्याकडंच आलं.

असिस्टंट कोच हे नाव मला फार उशिरा मिळालं, आणि ते पण अडचणीत. एका स्पर्धेला बेंचवर बसणाऱ्यांची नावं लिहून द्यायची होती. नाव नसलेल्या माणसाला रेफ्री बेंचवर बसू देत नव्हता. तेव्हाचे हेड कोच म्हणाले, "मामा, तुमच्यापुढं काय लिहू?" मी म्हटलं, "काहीबी लिहा, पर मला रेषेच्या आत घ्या." त्यांनी असिस्टंट कोच लिहिलं. तेव्हापासून मी तो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "असिस्टंट म्हंजी काय?"

"जिंकलो तर पाणी द्यायचं, हरलो तर शिव्या खायच्या."

"मग आधी काय येगळं करत हुता?"

हेड कोच आले आणि गेले. कोणाची बदली झाली, कोणाला पुण्याला चांगली जागा मिळाली, एक तर मध्येच बँकेत लागला. मी राहिलो. हेड कोचचं काम अकरा नावं वाचायचं. असिस्टंटचं काम बाराव्याजवळ जाऊन बसायचं. ज्याचं नाव आलं नाही ते पोरगं तोंड फिरवून बुटाची लेस सोडत-बांधत बसतं. त्याला काय बोलायचं हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील तर मला माहीत नाही. मी आपला शेजारी बसतो आणि म्हणतो, "चल, चेंडू गोळा करू." बाकी डावपेच हेड कोचचे. आताचे सर तरुण आहेत, लायसन्स घेतलेले आहेत, फळ्यावर बाण काढून दाखवतात. निम्मे बाण मला कळत नाहीत. पण ते बहुतेक वेळा बरोबर असतात, हे मी बघितलंय.

जर्स्या धुवायचं काम माझ्या बायकोनं स्वतःहून घेतलं. एकदा लॉन्ड्रीतून पांढऱ्या जर्स्या गुलाबी होऊन आल्या. कोणाची तरी लाल चादर त्यात गेली होती. अख्खी टीम लग्नातल्या बँडवाल्यासारखी दिसायला लागली. ती म्हणाली, "आणा इकडं, पुढच्या बारीपासून." तेव्हापासून मॅच झाली की जर्स्यांचा ढीग माझ्या सायकलवरून घरी. नळाला पाणी यायच्या दिवशी ती अंगणात दगडावर बसायची आणि एकेक जर्सी उलटी-सुलटी करून बघायची. मॅच बघायला ती कधी आली नाही. जर्सी बघून मॅच सांगायची.

"सहा नंबर आज लई येळा पडला."

"व्हय."

"सात नंबरनं कायच केलेलं दिसत न्हाय. आळशी हाय का त्यो?"

"त्यो बेंचवर हुता."

"मग जर्सी कशाला धुवायला आणली?" असं म्हणून ती सातची जर्सी पण धुवायचीच.

पोरं तिला मामी म्हणायची. घरी येणारी पोरंच तिला ओळखायची. कोणाची बाही उसवली, कोणाचा नंबर निघाला, ती शिवून द्यायची. धुतलेल्या जर्स्या घडी करून ती आपल्या एका जुन्या निळ्या लुगड्यात बांधायची, धूळ बसू नये म्हणून, आणि ते गठुडं दाराजवळ ठेवायची. सकाळी जाताना मी उचलायचं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

यंदा आमची टीम आंतरकॉलेज स्पर्धेत सेमीफायनलला आली. त्या आठवड्यात पाणी आलं त्या दिवशी तिनं जर्स्या धुतल्या, संध्याकाळी घड्या घातल्या, गठुडं बांधून दाराजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत जड वाटतंय म्हणाली. मी रिक्षा आणायला गेलो. रिक्षा दारात आली तेव्हा ती उंबऱ्यावर बसलेली होती. रिक्षात बसवली, आणि दवाखाना यायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. आधी म्हणजे कधी? ती उठली तेव्हा चांगली होती. चहा तिनंच केला होता.

घर माणसांनी भरलं. पोरगा आणि सून जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटवरून आली. माझी थोरली बहीण, आक्का, नातेपुत्याहून आली आणि आल्या आल्या तिनं घर हातात घेतलं. बायका रांगेनं आल्या, माझ्या बायकोला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, पाया पडल्या. नवऱ्याच्या आधी जाणारी बाई अहेव जाते, म्हणून ती भाग्याची, असं आमच्यात आहे. प्रत्येक जण मला येऊन तेच सांगत होतं. अहेव गेली हो. नशीब काढलं. सोनं झालं. मला वाटत होतं एकेकीला उठवून बाहेर घालवावं. कसलं नशीब? तिचा गुडघा दुखत होता आणि तो दाखवायला आम्ही सोमवारी जाणार होतो. तिला सोमवार पाहिजे होता. नशीब नको होतं.

माणूस गेलं की घरातलं शिजलेलं अन्न टाकून देतात, भरलेलं पाणी ओतून देतात. तशी रीत आहे. आक्कानं ते सगळं केलं. आदल्या रात्रीची वांग्याची भाजी बायकोनं केलेली, ती गेली. तिनं आदल्या दिवशी भरलेल्या घागरी अंगणात उपड्या झाल्या. तिनं झटकून घातलेलं अंथरूण माणसांबरोबर स्मशानात गेलं. मी अग्नी देऊन परत आलो तेव्हा घर असं झालं होतं, की तिचा हात लागलेलं काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. बिचारे चाचरत बोलत होते. "मामा, ही वेळ नाही विचारायची, मला माहीत आहे. पण जर्स्या तुमच्याकडे आहेत का? मॅच जवळ आली."

"हायेत की. दाराजवळच हायेत," असं म्हणत मी दाराजवळ गेलो. तिथं माणसांच्या चपला होत्या. गठुडं नव्हतं.

आक्का स्वयंपाकघरात होती. विचारलं, "आक्का, दाराजवळचं गठुडं कुटंय?"

"कुठलं गठुडं?"

"निळ्या लुगड्यातलं."

"तिचंच कापूड ना ते? गादीसंगं दिलं की पाठवून. मेल्या माणसाचं घरात ठेवत्यात व्हय?"

"उघडून बघितलंस का?"

"मेल्या माणसाचं गठुडं उघडून बघत्यात व्हय रं? काय बोलतूस!"

"आक्का, त्यात कॉलेजची टीम हुती."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. दुःखानं भावाचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "बस हितं. बस जरा."

मी बसलो नाही. चप्पल शोधली आणि निघालो. मागून पोरगा म्हणत होता, "अण्णा, उद्या राख सावडायला जायचंच आहे की, तेव्हा बघू." उद्यापर्यंत कोण थांबतंय. चांगलं कापड स्मशानात राहत नाही, एवढं मला कळतं.

स्मशानातला राखणदार एका खोलीत राहतो. मी आत डोकावलो तर तो म्हणाला, "या. मी वाटच बघत हुतो, कुणीतरी येईल म्हणून."

"निळं गठुडं—"

"हाय की. ते काय फळीवर."

"उघडलंस?"

"उघडलं की. खोटं कशाला बोलू. कापडं बरी असली तर आमी वापरतो. पर वरचंच काढलं तर नंबर अकरा. त्याखाली दहा. त्याखाली नऊ. म्हटलं, आयला, अख्खी टीम गेली का काय? पेपरात तर काय आलं न्हाय."

मी हसलो. तिची राख अजून गार झाली नव्हती आणि मी स्मशानात उभा राहून मोठ्यानं हसलो. लोकांना हे सांगितलं तर तोंडं वाकडी करतात. करू देत. तिला सांगितलं असतं तर ती माझ्यापेक्षा जास्त हसली असती.

त्यानं गठुडं काढून दिलं. जर्स्यांना हात लावला नव्हता म्हणाला, नंबर बघून नुसत्या परत ठेवल्या. घड्या तशाच होत्या. तिची घडी मला कळते. ती दोन्ही बाह्या आत घेऊन नंबर वर ठेवायची, म्हणजे पोरांना शोधायला लागू नये.

गठुडं घेऊन घरी आलो तर आक्का दारात उभी. म्हणाली, "मसणातलं परत घरात आणतूस? लोक काय म्हंतील?" मी वाद घातला नाही. तसाच वळलो आणि ग्राउंडवर गेलो. सुतकात माणूस घराबाहेर हिंडत नाही, ते मला माहीत होतं. माझं डोकं भादरलेलं होतं आणि सगळे बघत होते. बघू देत.

पोरं प्रॅक्टिस करत होती. मला बघून थांबली. सर धावत आले. गठुडं कुठून आणलं ते मी सांगून टाकलं. लपवायचं कशाला? आज ना उद्या कळणारच होतं. सरांनी एकदा गठुड्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मामा, काही हरकत नाही. आपण एकदा धुवून घेऊ. ऊन आहे, तासात वाळतील. कोणाला वाटलं तर थोडं गोमूत्र शिंपडू. झालं."

"धुतलेल्या हायेत."

"हो, पण तिकडून आल्या ना. पोरांच्या घरच्यांना कळलं तर—"

"सर, त्या धुतलेल्या हायेत. परत धुवायच्या न्हाईत."

सरांना वाटलं मी ऐकलंच नाही. त्यांनी परत समजावलं. मी परत तेच म्हटलं. पोरं ऐकत होती. खरं तर सरांचं काही चूक नव्हतं. सोलापूरच्या उन्हात बादलीभर पाण्याचं काम. पण मला काय दिसत होतं ते मी त्यांना कसं सांगणार? भाजी गेली, घागरी गेल्या, अंथरूण गेलं. रीत म्हणून एकेक पुसून काढलं. तिच्या हातचं शेवटचं काम तेवढंच राहिलं होतं, लुगड्यात बांधलेलं. तिनं ते खेळण्यासाठी धुतलं होतं. ते परत बादलीत बुडवायचं म्हणजे काय करायचं? तिनं धुतलंच नव्हतं असं करायचं? ते मी करणार नव्हतो. कोणालाही करू देणार नव्हतो.

सर म्हणाले, "मग मला दुसऱ्या कॉलेजकडून जर्स्या मागवाव्या लागतील."

"मागवा. मी ह्या घेऊन येतो."

"मामा, हट्ट करू नका."

"हट्टच हाय, सर," मी म्हटलं.

मॅचच्या दिवशी घरात दहाव्याची तयारी चालली होती. आक्कानं सकाळी दार अडवलं. पोरगा म्हणाला, "अण्णा, निदान आता तरी कॉलेज सोडा. आमच्याकडे चला. फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे." मी म्हटलं, लिफ्टनं मला कुठं न्यायचंय? गठुडं सायकलला लावलं आणि गेलो.

बेंचवर पिवळ्या जर्स्यांचा गठ्ठा होता. सरांनी मागवलेला. त्यात त्यांची काही चूक नाही, टीम उघडी खेळवता येत नाही. मी रेषेच्या बाहेर खाली बसलो आणि लुगडं सोडलं. पांढऱ्या जर्स्या समोर. पोरं एकदा पिवळ्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. कोणी पुढं येईना. टीममधली सगळी एका रंगात लागतात, त्यामुळं एकानं घालून भागत नव्हतं. घातल्या तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही.

पहिला आला तो गोलकीपर. त्याची जर्सी वेगळी असते, हिरवी. ती पण त्याच गठुड्यात होती. तो शहरातला, मुसलमान घरातला. म्हणाला, "मामू, मेरा देओ."

"तुझ्या घरी विचारलंस?"

"उसमें क्या पूछना? मामी धोये सो है ना? बस फिर." डोक्यातून घातली आणि ग्लोव्हज चढवत गोलकडं गेला.

बाकीची नाव न आलेल्या बाराव्यासारखी उभी. सगळ्यांचं लक्ष कॅप्टनकडं. कॅप्टन माढ्याकडचा, शेतकऱ्याचं पोरगं, टीममधला सगळ्यात चांगला खेळाडू. तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. आवाज खाली करून म्हणाला, "मामा, रागावू नका. घरी बहीण बाळंतपणाला आलीया. दिवस भरत आलेत. आई लई मानते असलं."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "मग घालू नको. पर तोंडावर सांग, मामीच्या हाताचा इटाळ वाटतो म्हणून. तुझी फाटलेली बाही कुणी शिवली? तू ओकलास तवा ती जर्सी कुणी धुतली?"

त्यानं मान खाली घातली नाही. माझ्या डोळ्याकडं बघून म्हणाला, "मामीच्या हाताचा न्हाय वाटत, मामा. मसणाचा वाटतोय. ती दोन येगळी हायेत."

पोरगं खरं बोलत होतं. कॅप्टन असा पाहिजे, हे पण त्याच वेळी मनात आलं.

मग त्यानं फोन काढला, आईला लावला आणि माझ्या हातात दिला. "तुमीच बोला. ती घाल म्हणली तर घालतो." फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"कोण, मामा का?"

"व्हय."

"आइकलं मी. लई वाईट झालं बघा. पोरगं सुट्टीला आलं की मामी मामी करायचं."

"ताई, ह्या जर्स्या—"

"थांबा. मला एक सांगा. धुतल्या कवा त्यांनी?"

"आदल्या दिवशी."

"जित्या असताना?"

"मेल्यावर कोण धुतंय, ताई?"

मागं दोन पोरं फस्सकन हसली आणि गप्प झाली. फोनवर बाई पण जरा हसल्यासारखी वाटली. मग म्हणाली, "आन् तुमी हायसा, म्हंजी अहेवच गेल्या की त्या."

मी समोरच्या पांढऱ्या जर्स्यांकडं बघितलं.

"काय? आइकताय ना?"

"हाय. हाय मी."

"मग कसला आलाय इटाळ? अहेव बाईच्या हातचं धुणं हाय ते. मसणात जाऊन येऊ दे न्हायतर कुटं जाऊन येऊ दे. आमच्याकडं अशा बाईच्या कपाळाचं कुकू मिळावं म्हणून बाया ढकलाढकली करत्यात. घाल म्हणावं त्याला. ल्योक माझा, मी सांगते. आन् धुऊ नगा परत, धुतलं तर पुण्य जाईल त्यातलं."

कॅप्टननं माझ्या हातातून फोन घेतला, खिशात टाकला, आणि वाकून दहा नंबर उचलला. मग बाकीच्यांनी उचलल्या. सरांनी पिवळा गठ्ठा बेंचखाली सरकवला.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. अहेव या शब्दानं माझं काम झालं. ज्या शब्दासाठी मला बायकांना घराबाहेर काढावंसं वाटत होतं, त्याच शब्दानं. मला तिथं म्हणता आलं असतं, ताई, तसलं काही नसतं, ती नुसती मेली, आणि मी मागं राहिलो यात तिचं भाग्य नाही. म्हटलं नाही. परत तशी वेळ आली तर परत म्हणणार नाही. ऑफसाईड असून रेफ्रीची शिट्टी वाजली नाही, तर कोणी पळत जाऊन रेफ्रीला सांगत नाही. पुढं खेळतो.

सर म्हणाले, "मामा, बेंचवर या." मी म्हटलं, "सुतकात हाय, सर." ते म्हणाले, "यादीत तुमचं नाव आहे. या." मी गेलो आणि माझ्या जागी बसलो.

आम्ही हरलो. दोन एक. दोन्ही गोल आमच्या डाव्या बाजूनं झाले. आमचा लेफ्ट बॅक चेंडू घेऊन वर जातो ते बरोबर, पण परत येताना चालत येतो. समोरच्यांच्या राईट विंगला ते पहिल्या दहा मिनिटांत कळलं. दुसरा गोल झाला तेव्हा आमचा लेफ्ट बॅक अजून हाफ लाईनवर कमरेवर हात ठेवून उभा होता. आमचा एक गोल कॅप्टननं मारला. हेडर होता. मी उठून ओरडलो, आणि रेफ्रीनं मला खाली बसवलं.

मॅच संपल्यावर पोरांनी जर्स्या काढून माझ्यासमोर टाकल्या, नेहमीसारख्या. घामानं ओल्या, मातीनं तांबड्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इथून पुढं त्या कोणी धुवायच्या याचा मी विचारच केला नव्हता. सर म्हणाले लॉन्ड्रीत टाकू. मी लुगड्यात बांधल्या आणि घरी आणल्या. आक्का म्हणाली, "परटाला दे." सून म्हणाली, "आमच्या मशीनला लावते, अण्णा." मी कोणाला दिल्या नाहीत. पाणी आलं त्या दिवशी अंगणात दगडावर बसलो आणि धुवायला घेतल्या. आक्का दारातून म्हणाली, "या वयात बाईमाणसागत धुणं धुतूस? शेजारी बघत्यात."

"बघू दे. माझं मी धुतोय, त्यांचं न्हाय."

पहिल्या वेळी निळीचे डाग पडले. कुठं गडद, कुठं काहीच नाही. बायको एका बादलीत कितीशी नीळ टाकायची ते मी कधी बघितलंच नव्हतं. परत धुतल्या, जरा बऱ्या झाल्या. हात चिरले. हात दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून जर्स्या तशाच वाळत घातल्या.

तेरावा झाल्यावर कॉलेजात गेलो तर ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "मामा, वाईट वाटून घेऊ नका, पण त्या जर्स्या तुम्ही एकदा धुवून घ्यायला पाहिजे होत्या. स्मशानातलं अंगावर घेतल्यावर मॅच कशी मिळणार?"

मी म्हटलं, "साहेब, जर्स्या धुतल्या असत्या तर आमचा लेफ्ट बॅक मागं आला असता का?"

तो म्हणाला, "तसं नाही, पण लोक म्हणतात."

"लोकांना म्हणावं, गोल कुठून झाला ते सांगा. न सांगता आलं तर गप्प बसा."

कॅप्टनच्या बहिणीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. कॅप्टनच्या आईनं पेढे पाठवले आणि सांगितलं, मामीचं पुण्य. मी पेढा खाल्ला. पोरगी तशीही झालीच असती. पण मॅच हरलो ती जर्सीनं आणि पोरगी झाली ती पण जर्सीनं, असं एकाच कॉलेजात दोन तोंडांनी बोलायला लागले, तेव्हा ठरवलं की एकदा बसून लिहायचं.

लेफ्ट बॅकला मी उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर बोलावलंय. वर जायचं, रेषेला शिवायचं, पळत परत यायचं. येणार नाही असं तोंड करत होता. म्हणाला, "मामा, सीझन संपला की. सरांनी महिनाभर सुट्टी दिलीय."

"सरांनी दिली," मी म्हटलं. "मी न्हाय दिली."